फळीवरचे डबे

एप्रिल लागला की लातुरातल्या बेकऱ्यांसमोरून मला जाववत नाही. जावं तर लागतंच, कारण चांगली भाजी त्याच रस्त्याला मिळते. परीक्षा संपलेल्या असतात, पोरं घरी असतात आणि बेकरीच्या दारात बायका उभ्या असतात. कुणाच्या पिशवीत रवा-मैदा, कुणाच्या बरणीत घरचं तूप, कुणी पिठीसाखर दळून आणलेली. आपलं सामान द्यायचं आणि नानखटाई भाजून न्यायची. आता नंबराचं टोकन देतात, फोन करून बोलावतात. आतून तूप-साखर घोटल्याचा आणि वेलदोड्याचा वास येतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या वासानं भूक लागते. मी झपाझप पुढं निघते. सून म्हणते, "आई, तुम्ही बेकरीवाल्याची लेक, आणि नानखटाई दिसली की तोंड फिरवता." मी म्हणते, दात राहिले नाहीत गं. दात आहेत. चांगले आहेत.

आमची बेकरी नांदेडला होती, वजिराबादेत, निजामाच्या राज्यात. बेकरी आणि आइस्क्रीमचं दुकान, दोन्ही एकाच छपराखाली. आजोबा जालन्याच्या छावणीत एका पाववाल्याकडं राहून काम शिकले आणि नांदेडला येऊन त्यांनी भट्टी घातली. लिंगायताच्या घरात भट्टी, आणि तीही पावाची! पाव फुगवायला शिंदी लागायची, ताडाची नव्हे तर शिंदीच्या झाडाची, आंबलेली. आमच्या जातभाईंनी पुष्कळ नाकं मुरडली. मठाच्या स्वामींपर्यंत तक्रार गेली म्हणे. आजोबांनी मधला मार्ग काढला. पावाचं सगळं काम रहीमचाचा बघायचा. शिंदीचं मडकं, पावाची परात, पावाचे साचे भट्टीच्या डाव्या अंगाला. नानखटाई, बिस्किटं, लोकांचं घरचं सामान उजव्या अंगाला. दोन्हीच्या मध्ये चुन्यानं आखलेली एक रेघ होती. भट्टीच्या आत मात्र आग एकच होती, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलून दाखवत नसे. तेवढा समजूतदारपणा त्या काळी गावात होता.

रहीमचाचा आजोबांच्या वेळेपासूनचा. माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, भट्टीचा ताव, म्हणजे आच, कसा ओळखायचा ते त्यानंच शिकवलं. हात आत घालायचा आणि मनात आकडे म्हणायचे. किती आकड्यांवर चटका सोसवेनासा होतो त्यावरून पाव घालायचे की बिस्किटं हे ठरायचं. सकाळचे पाव निघाले की भट्टीचा ताव उतरू लागे, आणि त्या उतरत्या तावात दुपारी नानखटाई भाजायची. कडक आगीत ती करपते आणि आतून कच्ची राहते. सावकाश, झोपाळलेल्या आगीवर तिला चिरा पडतात, आणि चिरा पडल्या म्हणजे ती जमली. मला अजून कुठल्याही नानखटाईला चिरा नसल्या की राग येतो, खायची नसली तरी.

उन्हाळा म्हणजे बर्फ. हैदराबादेहून रेल्वेनं लाद्या यायच्या, भाताच्या भुशात पुरलेल्या आणि गोणपाटात शिवलेल्या. स्टेशनवरून टांग्यात घालून आणेपर्यंत रस्त्यावर पाण्याची धार लागायची. अप्पा गोणपाट उसवायचे, भुसा झटकायचे, आणि त्या मळकट पोत्यातून निळसर लादी बाहेर यायची. मोगरीनं ती फोडून, मीठ घालून, लाकडी पिंपात भरायची. मधे पत्र्याचा उभा डबा, त्यात आटवलेलं दूध. दांडा फिरवता फिरवता हात जड झाला की आइस्क्रीम झालं असं समजायचं. काचेच्या छोट्या पेल्यात ते विकायचे, वर एक नानखटाई ठेवून. आमची आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, ती भुसा कपाळाला लावायची आणि म्हणायची, "हेच माझं चंदन." थंड भुसा. वैशाखात नांदेडला दुसरं काय थंड असायचं?

हे सगळं मी आनंदानं लिहीत चालले आहे, आणि लिहायचं आहे ते वेगळंच.

लोकांच्या घरच्या तुपाचा धंदा म्हणजे सुळावरची पोळी. "तूप मारलं" हा शब्द बेकरीवाल्याला केव्हा चिकटेल याचा नेम नसतो. आजोबांवर एकदा तसा आळ आला होता. त्यानंतर त्यांनी दुकानाच्या बाहेर, थेट रस्त्यावर, सागवानाची एक लांब फळी ठोकून घेतली आणि एक नियम केला. माल भाजून झाला की तो ज्याच्या त्याच्या डब्यात भरायचा, झाकणाच्या कडेनं ओल्या कणकेची पट्टी दाबून बसवायची आणि डबा फळीवर ठेवायचा, नाव रस्त्याकडं करून. जाता-येता ज्याचं त्याला दिसेल की आपलं काम झालं. एकदा डबा फळीवर गेला की आमच्या घरातल्या कुणी त्याला हात लावायचा नाही. उचलेल तो मालकच. दुकान बंद करताना फळीवर जाळीचं झाकण ओढायचे, पण डबे तिथंच. लोक तिसऱ्या दिवसापर्यंत येऊन न्यायचेच. फळीवर आठ-दहा डबे कायम असायचे आणि अप्पांना त्यांचा फार अभिमान होता. नवं गिऱ्हाईक आलं की ते फळीकडं नुसती मान हलवायचे.

डब्यांवरची नावं अप्पा स्वतः लाल रंगानं घालायचे, उर्दूत. आज हे ऐकून माझ्या नातवंडांना नवल वाटतं. पण अप्पांची शाळाच उर्दूत झाली होती; मराठी लिहिताना त्यांचा हात अडखळायचा. नाव आणि खाली गल्ली. तेव्हाच्या नांदेडात ज्याला वाचता यायचं त्याला उर्दू वाचता यायचंच.

आणि मग तो उन्हाळा आला, निजामाच्या राज्याचा शेवटचा. तो शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं? तेव्हा एवढंच कळत होतं की बर्फ वेळेवर येत नाही. गाड्या कधी यायच्या, कधी वाटेतच थांबायच्या. एकदा अप्पांनी पोतं उसवलं तर आत नुसता ओला भुसा होता आणि नारळाएवढा एक खडा. त्यांनी तो खडा अव्वाच्या हातावर ठेवला. आइस्क्रीमचं पिंप पालथं घातलं ते त्या दिवशी. बाजारात भाले-तलवारी घेऊन माणसं हिंडत होती, खेड्यांतून जळाल्याच्या बातम्या येत होत्या, आणि घरंच्या घरं गुपचूप गाव सोडून चालली होती. कुठं निघालात विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "माहूरला, देवीला." माहूरच्या पलीकडं पैनगंगा आणि पैनगंगेपल्याड वऱ्हाड, तिथं निजामाचं राज्य नव्हतं. त्या उन्हाळ्यात रेणुकेला जेवढी माणसं गेली तेवढी कधी गेली नसतील, आणि एकही प्रसाद घेऊन परत आला नाही. पुढं पुढं तर माहूरचं नाव काढलं की ऐकणारा खाली बघायचा.

आमच्या मागच्या गल्लीत दिगंबर मास्तर राहायचे. सरकारी शाळेत गणित शिकवायचे. घरी बायको, दोन मुलं आणि त्यांची मोठी विधवा बहीण, काशीआत्या; मोठी माणसं तिला आक्का म्हणत. मास्तरांकडं सरहद्दीपलीकडची मराठी वर्तमानपत्रं चोरून येतात अशी कुजबुज होती, आणि तेव्हा तेवढी कुजबुज पुरेशी होती. काशीआत्याचे गुडघे गेलेले. आमच्या दुकानावरून जाताना ती फळीला धरून क्षणभर थांबायची. आम्हा पोरींना तिचं भय वाटायचं नाही, कारण ती रागावता रागावता हसायची. तिचं तूप मात्र गल्लीत नावाजलेलं. बेकरीतलं तिला चालायचं नाही. मास्तरांच्या घरच्या नानखटाईचं तूप ती कढवायची, आणि त्यातला कण तिनं जन्मात तोंडात घातला नाही. अव्वा चेष्टेनं म्हणायची, "आत्या, एक घ्या की. आम्ही काय कुणाला सांगतो?" ती म्हणायची, "तू न्हाई सांगणार गं बाई, पण वरचा बघून राहिला ना."

वैशाखाच्या अखेरीला मास्तर स्वतः डबा घेऊन आले. तूप, मैदा, साखर, सगळं. "सावकाश भाजा, बसप्पा," अप्पांना म्हणाले, "घाई नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी नानखटाई भाजून झाली, कणकेची पट्टी बसली आणि डबा फळीवर गेला. चिरा सुरेख पडल्या होत्या.

एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. मास्तरांच्या दारात सडा-रांगोळी रोज दिसत होती, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पाचव्या दिवशी रहीमचाचा भट्टीवरून उठून बाहेर आला, फळीकडं बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बसप्पा, वो मास्टरसाब का डब्बा अंदर ले लेव. जमाना अच्छा नहीं. लोगां पढ रहे."

अप्पा म्हणाले, "वाचू देत की. नाव हाय, चोरी हाय का?"

"मेरी बात सुनो. अंदर रख लेव."

"दुसऱ्याच्या तुपाला हात लावू का, चाचा? माझ्या बापानं लावला न्हाई, म्या लावू?"

चाचा भट्टीकडं वळला. माझ्या अप्पांइतका भला माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका हट्टीही. त्या घटकेला मी तिथंच पाटावर बसून बिस्किटांचा चुरा गोळा करत होते. हे दोन्ही आवाज माझ्या कानात जसेच्या तसे आहेत.

आठव्या दिवशी एक माणूस सायकलवरून आला. ओळखीचा नव्हता. त्यानं बिस्किटं घेतली, मग फळीवरची नावं एकेक करून वाचली, बोट फिरवत. मास्तरांच्या डब्यापाशी बोट थांबलं. "हे मास्तर गावात न्हाईत काय? परवापासून डबा इथंच पाहून राहिलो."

"हायत की," अप्पा म्हणाले. "येतील, नेतील."

तो बरं म्हणाला आणि गेला. अप्पा खोटं बोलले नव्हते. मास्तर गावात आहेत असंच त्यांना वाटत होतं.

नवव्या दिवशी, भर दुपारी, मास्तरांचं दार फोडलं. पाच-सहा जण होते. कोण होते, कुठले होते, ते कधी कळलं नाही. शेजारच्या बाईनं भिंतीआडून ऐकलं ते अव्वाला येऊन सांगितलं. काशीआत्यानं आतून कडी घालून ओरडून सांगितलं होतं की मास्तर झोपलेत, उठले म्हणजे बघून घेतील एकेकाला. तर बाहेरचा एक जण हसून म्हणाला, "मास्तर पळालं, म्हातारे. आठ दिस झालं डबा पडून हाय बेकरीत." घरात आत्या एकटीच होती. बाकीचे कधीच गेले होते; तिचे गुडघे गाडीचे हिसके सोसणार नव्हते म्हणून ती मागं राहिली होती, आणि रोज पहाटे उठून सडा-रांगोळी घालत होती. त्यांनी तांब्या-पितळेची भांडी नेली. तिला ढकललं ते ती उंबऱ्यावर पडली. तिसऱ्या दिवशी गेली.

अव्वा हे सांगत असताना अप्पा मैदा चाळत होते. चाळणी थांबली. मग ते पुन्हा चाळू लागले, रिकामी चाळणी, बराच वेळ.

लाकडाची वखार त्या दंगलीत बंद होती. आत्यासाठी लाकडं गेली ती आमच्या भट्टीची. बाभळीची वाळकी लाकडं रहीमचाचानं एकट्यानं गाड्यात भरली. अप्पा मोजायला वाकले तर तो म्हणाला, "आज गिनना नक्को, बसप्पा." गोदावरीवर शेजारच्या दोघांनी अग्नी दिला. अप्पा लांब उभे होते. घरी आल्यावर चाचानं तो डबा फळीवरून उचलला आणि आतल्या कोनाड्यात नेऊन ठेवला. नियम मोडला तो असा, चाचानं सांगितल्यापासून सहा-सात दिवस उशिरा. अप्पा बघत होते. ती भट्टी त्यानंतर आठवडाभर थंड होती, आणि थंड भट्टीचा वास किती वाईट असतो ते मला तेव्हा कळलं.

पावसाळा कसा गेला ते मला आठवत नाही. भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. लोक त्याला पोलीस ॲक्शन म्हणतात. गुलाल उधळला, मीही नाचले. आणि त्याच दिवसांत रहीमचाचा बायको-पोरांना घेऊन बिलोलीकडं आपल्या गावी गेला. आता भिण्याची पाळी त्याच्या लोकांची होती. जाताना शिंदीचं मडकं धुऊन पालथं घालून गेला. तो परत आला नाही. काय झालं हे विचारायला अप्पा एकदा बिलोलीला जाऊन आले आणि आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. आम्ही विचारलं नाही. आजही मला माहीत नाही, आणि न विचारल्याची लाज वाटते.

दिवाळीच्या सुमाराला मास्तर वऱ्हाडातून परतले. दुकानासमोर उभे राहिले, दाढी वाढलेली. अप्पांनी कोनाड्यातून डबा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांना काही सांगायचं होतं, ओठ हलताना मी पाहिले. पण मास्तरांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, मान खाली घातली ती वर केलीच नाही, आणि ते निघून गेले. अप्पा अव्वाला म्हणाले, "कळलंय त्याला. माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई." त्या महिन्यात त्यांनी बेकरी मोडली. फळी काढून जाळली. आम्ही लातूरला मामाच्या कापडदुकानात आलो आणि भट्टीत हात घालून ताव ओळखणारे माझे अप्पा उरलेला जन्म गज घेऊन कापड मोजत राहिले. कापड त्यांना कधीच नीट मोजता आलं नाही. मामा हसायचा. मला त्या हसण्याचा संताप यायचा.

कधी कधी मी विचार करते की दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं का. लबाड बेकरीवाल्यानं चौथ्या दिवशी डबा आत नेऊन चार नानखटाया खाल्ल्या असत्या, आणि काशीआत्या वाचली असती. असला हिशेब कुठल्या मास्तरानं शाळेत शिकवला नाही, आणि मीही पुढं तीस वर्षं मास्तरकी केली, कुणाला शिकवू शकले नाही.

मी नोकरीला लागल्यावर दोन-तीन वर्षांनी, अशाच एका उन्हाळ्यात, मास्तर लातूरला आले. भाचीसाठी स्थळ बघायला आले होते, कुणीतरी पत्ता दिला. दोघेही म्हातारे झाले होते. मी चहा करून दारात आले तर अप्पा बोलत होते, खाली सतरंजीकडं बघत. "मास्तर, एक सांगायचं ऱ्हायलंय. लई वर्षं ऱ्हायलंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. चाचानं दिलेली सूचना, सायकलवरचा माणूस, शेजारणीनं ऐकलेलं वाक्य. काहीही गाळलं नाही. "आक्का माझ्या फळीपायी गेल्या," ते म्हणाले. मी कपबश्या हातात धरून तशीच उभी राहिले.

मास्तर सतरंजीवर जरा पुढं सरकले. मग म्हणाले, "बसप्पा, हे बोलायला मी आलो होतो. तुम्ही आधी बोललात."

अप्पांनी वर पाहिलं.

"तो डबा नानखटाईसाठी टाकलाच नव्हता. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होतो. माहूरचं नाव सांगायची सोय राहिली नव्हती. फळीवर डबा दिसला की लोक म्हणतील, मास्तर गावातच आहेत, आज नाही तर उद्या नेतील. नदी ओलांडायला बैलगाडीनं तीन दिवस लागणार होते. तेवढे मिळाले. आम्ही चौघं सुखरूप पोचलो."

"म्हंजे मुद्दाम टाकला?"

"आक्कानंच सुचवलं. तूप तिनंच कढवलं. म्हणाली, बसप्पाच्या फळीवरचा डबा हलायचा नाही, तू बिनघोर जा. पुढं काय, ते तिनं आम्हाला विचारू दिलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला जायचं होतं, बसप्पा."

रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे नाही, कपाळ पुसलं.

"मग त्या दिवशी डबा नेताना माझ्याकडं बघितलं न्हाईत ते?"

"कोणत्या तोंडानं बघणार होतो?"

मला वाटलं, अप्पा आता चिडतील. त्या एका न पाहण्यासाठी त्यांनी बापाची भट्टी मोडली होती. किंवा वाटलं, त्यांना हलकं वाटेल, छातीवरचा धोंडा उतरेल. दोन्ही झालं नाही. इतकी वर्षं निदान चूक त्यांची स्वतःची होती. आता तीही धड त्यांची राहिली नव्हती. त्यांचा चेहरा एकदम उघडा पडल्यासारखा दिसला आणि मला रडू आलं. ते मास्तरांकडं नाही, माझ्याकडंही नाही, कुठं तरी मधेच बघत म्हणाले,

"आक्कांनी माझ्या कानावर तेवढं घालायचं होतं, मास्तर. चौथ्या दिवशी म्या सोता उचलला असता."